घरच्या लेथला कूलंट कोणतं? टाकी नंतर, आधी एक छोटी बाटली

प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या एका खोलीत छोटं लेथ, ड्रिल मशीन आणि हलकं मिलिंग मशीन बसवलंय. काम सुट्टीच्या दिवशी, तेही कधी दोन तास, कधी अर्धा दिवस. कारखान्यातल्या मशीनवर पांढरं पाणी वाहताना पाहिलंय, म्हणून पंप, टाकी आणि सोल्युबल ऑइलचा (पाण्यात मिसळून ते पांढरं कूलंट बनवायचं तेल) मोठा कॅन घ्यायचा विचार आहे. पण खर्च बेताचा ठेवायचाय. मग इंजिन ऑइल, रॉकेल किंवा खायचं तेल यांतलं काही चालून जाईल का?

आधी पंप आणि टाकीचं बोलू. ते आत्ता घेऊ नका. कॅन महाग असतो म्हणून नव्हे. पाच टक्क्यांचं मिश्रण केलं तर पाच लिटरच्या कॅनमधून शंभर लिटर कूलंट होतं आणि घरच्या टाकीला दहा लिटर पुष्कळ झालं. म्हणजे एका भरण्याला अर्धा लिटर. महाग पडतं ते पुढचं: वास मारलेलं दहा लिटर पाणी फेकणं, टाकी खरवडणं आणि मशीनच्या बेडवरचा गंज घासत बसणं. रोज चालणाऱ्या मशीनला सोल्युबल ऑइल स्वस्त पडतं. आठ-पंधरा दिवसांनी एकदा चालणाऱ्या मशीनला तेच सगळ्यात महाग.

कारखान्यात ते पाणी मुख्यतः उष्णता वाहून न्यायला असतं. अमेरिकन अभियंता एफ. डब्ल्यू. टेलर यांनी १९०६ मध्ये धातू कापण्यावरचे आपले अनेक वर्षांचे प्रयोग मांडले. टूलवर पाण्याची जोरदार धार सोडली की तेच टूल ३० ते ४० टक्के जास्त वेगाने चालवता येतं, हा त्यातला एक निष्कर्ष. वेग वाढला की तासाला जॉब (कापायचे तुकडे) जास्त निघतात, म्हणून तिथे पाण्याला किंमत. आपल्याला तासाला किती जॉब काढायचेत? २० मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार हायस्पीड स्टीलच्या टूलने मिनिटाला २५ मीटर वेगाने कापायचा तर साधारण ४०० आरपीएम लागतात. छोट्या मशीनचा जोर बघता कट अर्धा मिलिमीटर, फार तर एक. एवढ्यात टूल तापत असेल तर आरपीएम उतरवा, त्याला काही खर्च नाही. हायस्पीड स्टील साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत आपला कडकपणा टिकवून धरतं. चिप (कापून निघणारी धातूची साल) चंदेरी किंवा फिकट पिवळसर येत असेल तर काळजी नको. हायस्पीड टूलवर चिप निळी पडायला लागली तर वेग जास्त आहे किंवा धार गेली आहे. कार्बाइडवर (त्याहून जास्त उष्णता सोसणारं टूल) निळी चिप आली तर घाबरायचं कारण नाही.

मग घरच्या मशीनला काहीच नको का? हवं, पण गारव्यासाठी नव्हे, वंगणासाठी. चिप टूलच्या तोंडावरून घासत वर चढते. तिथला दाब प्रचंड असतो आणि धातूचा पृष्ठभाग त्याच क्षणी उघडा पडलेला, कोरा. असा कोरा धातू टूलला चिकटायला बघतो. थोडा चिकटला की त्यावर आणखी चढतो, टूलच्या टोकावर धातूचा लहानसा गोळा तयार होतो आणि पुढे तो गोळाच कापायला लागतो. जॉबवर फाटल्यासारखी फिनिश येते ती यामुळे. वेग कमी असला की तेलाला त्या फटीत शिरायला वेळ मिळतो. टॅप मारणं (भोकात आटे पाडणं), रीमर चालवणं (भोक नेमक्या मापाला गुळगुळीत करणं), पार्टिंग (बार कापून वेगळा करणं), हळू फिरणारं मोठं ड्रिल ही सगळी कमी वेगाची कामं आहेत आणि तेलाचा थेंब सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथेच. मोठ्या वेगात तेल धारेपर्यंत पोचतच नाही, तिथे पाणी वरवरून उष्णता नेण्याचं काम करतं.

हे पाहायचं असेल तर २५ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार चकमध्ये धरा आणि पार्टिंग टूल कोरडं आत घाला. चार-पाच मिलिमीटर आत गेलं की टूल किंचाळायला लागतं, चिप तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते आणि खाचेच्या भिंतींवर ओरखडे दिसतात. आता हात तसाच ठेवून ब्रशने खाचेत काळ्या कटिंग ऑइलचे दोन थेंब सोडा. बहुतेक वेळा दोन-तीन फेऱ्यांत आवाज बदलतो: किंचाळणं जाऊन चरचर येते, हलकासा धूर निघतो आणि चिप घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळत वर येते. आवाज नाहीच गेला तर तेलाला दोष देऊ नका. टूलची उंची सेंटरला आहे का, टूल गरजेपेक्षा जास्त बाहेर काढलंय का आणि स्लाइड ढिली आहे का, ते तपासा.

ते काळं तेल म्हणजे गंधक घातलेलं कटिंग ऑइल. पाइपला आटे पाडणारे जे वापरतात, तेच. धारेजवळच्या उष्णतेत गंधक कोऱ्या लोखंडाशी संयोग पावतं आणि आयर्न सल्फाइडचा पातळ थर बनतो. तो थर सहज घसरतो, त्यामुळे धातू धातूला चिकटत नाही. साध्या तेलाला हे जमत नाही, एवढ्या दाबाखाली ते बाजूला ढकललं जातं. तुम्हाला एकच गोष्ट विकत घ्यायची असेल तर या तेलाची सगळ्यात छोटी बाटली घ्या. लेथ, ड्रिल आणि टॅपिंग मिळून माझी पाव लिटरची बाटली वर्षभर सहज जाते, आणि माझा हात काही फार आवरता नाही. पाव लिटर तेलात वाचलेला एक टॅप धरलात तरी पैसे वसूल. आत मोडलेला टॅप काढताना जॉबही जातो, ते वेगळंच.

या तेलाला खोड आहे: तांबं, पितळ आणि ब्राँझ यांना ते काळं पाडू शकतं. सगळी गंधकी तेलं तसं करत नाहीत. काहींत गंधक लगेच संयोग पावणारं असतं, काहींत घट्ट बांधलेलं. लेबलवरून कळत नसेल तर पितळेचा एक तुकडा एमरीने चकचकीत घासा, अर्धा तेलात बुडवून रात्रभर उबदार जागी ठेवा आणि सकाळी पुसून पाहा. बुडवलेला भाग काळपट पडला असेल तर ते तेल फक्त लोखंड-पोलादासाठी. लेथच्या क्रॉस स्लाइडचा नट किंवा एखादा बुश ब्राँझचा असतो, हेही लक्षात असू द्या. काम झालं की पुसून घ्या.

कटिंग ऑइल मिळतच नसेल तर गाडीच्या डिफरन्शियलचं गिअर ऑइल चालून जातं. जीएल-५ दर्जाच्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची तीव्र दाब सोसणारी संयुगं असतात, गिअरच्या दातांसाठी घातलेली. ते फार घट्ट असतं, म्हणून थोडं पातळ खनिज तेल मिसळून घ्यावं. वास मात्र असा की घरातली माणसं खोलीत डोकावणार नाहीत. (काहींना तो फायदाच वाटेल.)

अॅल्युमिनियमचं सगळंच निराळं. ते मऊ असल्याने धारेला लगेच चिकटतं आणि ड्रिलच्या खाचा भरून टाकतं. त्याला गंधक लागत नाही, पातळ आणि आत झिरपणारं काहीतरी लागतं. जुने कारागीर रॉकेल वापरत आले आहेत आणि ते खरोखर उत्तम चालतं, फिनिश आरशासारखी येते. डब्ल्यूडी-४० लोक वापरतात तेही याच कारणाने, फक्त स्प्रेच्या डब्यातून ते महाग पडतं. रॉकेलला दोन अडचणी आहेत. त्याची वाफ साधारण ३८ ते ४० अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते. म्हणून ब्रशने थेंब-दोन थेंब ठीक, स्प्रे किंवा धार नाही, आणि बाजूला ग्राइंडर चालू नको. शिवाय ते कातडीतलं तेल काढून घेतं आणि हात फुटतात. त्यापेक्षा पातळ खनिज तेलात थोडं वनस्पती तेल मिसळून वापरलं तर फिनिशमध्ये उन्नीस-बीसचाच फरक पडतो आणि वासही नाही. अॅल्युमिनियमवर स्पिरिट लावणारेही आहेत. मी ते बंद केलंय, त्याची ज्योत उजेडात नीट दिसतसुद्धा नाही.

बीड (कास्ट आयर्न) कोरडंच कापा. त्यात ग्रॅफाइट असतं, तेच वंगणाचं काम करतं. बिडाची भुकटी तेलात किंवा पाण्यात मिसळली की वाळूच्या लेपासारखा काळा चिखल होतो, तो स्लाइडखाली शिरतो आणि मशीनच घासून खातो. बीड लावण्याआधी बेड कोरडा पुसून वर कागद अंथरा आणि भुकटी व्हॅक्यूमने ओढा, फुंकू नका. टॅपिंगला मात्र बिडातही थेंबभर तेल चालतं. पितळ बहुधा कोरडंच छान कापलं जातं, चिप बारीक सुटते. शुद्ध तांबं चिवट, त्याला वंगण लागतं, पण गंधकाविना: वनस्पती तेल किंवा चरबीचं तेल.

स्टेनलेसची गोष्ट अशी की धार घासली आणि कापलं नाही, की तो पृष्ठभाग तिथेच कडक होतो आणि मग पुढची धार त्यावर घसरते. म्हणून वेग कमी, फीड (टूल पुढे सरकवणं) ठाम आणि भोक पाडताना मध्येच रेंगाळणं नाही. टॅपिंगला गंधकी तेल लागतंच, इथे काटकसर करू नका. प्लास्टिकला शक्यतो काहीच लावू नका, चिप उडवायला हवा पुरते. पॉलिकार्बोनेटला तर तेल आणि सॉल्व्हंटमुळे बारीक तडे जातात. आणि मॅग्नेशियम कापायचं असेल तर पाणी असलेलं कूलंट अजिबात नको. बारीक चिपचा पाण्याशी संपर्क आला की हायड्रोजन सुटतो, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी ओतलं तर आग आणखी भडकते. ज्याच्याकडे जवळ कोरडी वाळू नाही, त्याने हा धातू घरी कापूच नये असं माझं मत आहे.

खायच्या तेलाबद्दल विचारलं आहे. वंगण म्हणून ते खनिज तेलापेक्षा सरस असतं. त्यातली स्निग्धाम्लं धातूला धरून राहतात, म्हणून टॅपिंगला ती जुनी, पारखलेली वस्तू आहे. अडचण नंतर येते: तेल हवेत वाळून चिकट होतं. कुठलं किती चिकटेल ते आयोडीन मूल्यावरून कळतं. जवसाचं मूल्य १७० च्या वर, म्हणून ते रंगासारखं वाळतं. सूर्यफूल आणि सोयाबीन १२० ते १४० च्या आसपास, तीही काही आठवड्यांत डिंकासारखी होतात. शेंगदाणा त्याखाली. एरंडेल ८५ च्या आसपास, ते वाळत नाही पण फार घट्ट. खोबरेल दहाच्या आत, म्हणजे जवळपास वाळतच नाही, फक्त २४ अंशांच्या खाली गोठतं. म्हणून खायचं तेल वापरायचं तर खोबरेल किंवा शेंगदाणा घ्या आणि त्याच दिवशी पुसा. चकच्या जबड्यांत आणि स्लाइडवर ते राहू देऊ नका. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटू शकते. ते कटिंगला वापरायचंच नाही.

कोरं इंजिन ऑइल मध्यम दर्जाचं चालतं. दोन सरकते भाग वेगळे ठेवण्यासाठी ते बनवलेलं असतं, कापण्यासाठी नाही. घरात उरलंय तर साध्या टर्निंगला आणि ड्रिलिंगला लावा. वापरलेलं, काळं पडलेलं इंजिन ऑइल मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका. इंजिनमध्ये जळताना तयार झालेली बहुचक्रीय हायड्रोकार्बन्स त्यात साचलेली असतात आणि ती कातडीच्या कर्करोगाला कारण ठरतात. ही नुसती भीती नाही. इंग्लंडच्या कापूस गिरण्यांत सूत कातणाऱ्या म्यूल यंत्रांवरच्या कामगारांना मांड्यांवर सतत उडणाऱ्या कच्च्या खनिज तेलामुळे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होत असे आणि पुढे लेथवरच्या कामगारांतही तोच आढळला. आजची शुद्ध केलेली तेलं तशी नाहीत, तरी तेलकट चिंधी पँटच्या खिशात कोंबायची सवय असेल तर सोडा.

भांड्यांचा साबण पाण्यात घालून वापरायची युक्तीही कोणीतरी सांगेलच. त्या द्रवात घट्टपणासाठी बहुधा मीठ घातलेलं असतं, दुसऱ्या दिवशी बेडवर तांबूस ठिपके दिसतील. पूर्वी साबण आणि धुण्याचा सोडा मिसळलेलं पाणी मशीनवर वापरत. सोड्याने पोलादाचा गंज अडतो खरा, पण अॅल्युमिनियम काळवंडतं.

आता सोल्युबल ऑइल. ते वाईट नाही. सरफेस ग्राइंडर असेल, ठिबकीखाली चालणारा बँड सॉ असेल किंवा मशीन जवळजवळ रोज चालत असेल, तर तेच घ्या. ग्राइंडिंगमध्ये उष्णता हाच मुख्य शत्रू आहे, तिथे तेलाचे थेंब पुरत नाहीत आणि जॉबवर जळल्याचे डाग उठतात. मिसळताना पाणी आधी, त्यात तेल हळूहळू ओतत ढवळायचं. उलट केलं तर दह्यासारखं फाटतं आणि पुन्हा जुळत नाही. पाच ते दहा टक्के ठेवा, त्याखाली गंज चढतो. पाणी जड असेल तर त्यातला कॅल्शियम साबणासारखी साय बनवतो आणि इमल्शन (तेल-पाण्याचं मिश्रण) मोडतो. शिवाय टाकीतून फक्त पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून दर भरण्याला जडपणा वाढतच जातो. मऊ पाणी किंवा आरओचं पाणी घ्या. वर भर घालतानाही साधं पाणी ओतू नका, एक-दोन टक्क्यांचं फिकं मिश्रण घाला. पाच टक्के उरलंय की आठ झालंय हे डोळ्यांनी कळत नाही. साखर मोजायचा साधा रिफ्रॅक्टोमीटर त्यासाठी पुरतो, फक्त आकड्याला कोणत्या गुणकाने गुणायचं ते तेलाच्या माहितीपत्रकात बघा.

मीही एकदा मिलिंग मशीनला पंप लावला होता. तीन महिने मजेत गेले. मग दोन महिने हात लागला नाही. परत दार उघडलं तर आधी वास आला, सडलेल्या अंड्याचा. स्लाइडवरून गळलेलं तेल टाकीवर तरंगून झाकण झालं होतं. खाली हवा न लागल्याने विनाऑक्सिजन जगणारे जंतू माजले आणि त्यांनी हायड्रोजन सल्फाइड सोडला. वाइस (जॉब धरायचा शिकंजा) उचलला तर खाली टेबलावर त्याच्या तळाचा हुबेहूब तांबडा ठसा. पाणी उडून गेलं होतं, पण वाइसखालचं अडकून राहिलं. तो ठसा अजून आहे, गुळगुळीत पण काळपट. तेव्हापासून मशीन ठेवताना वाइस सोडवून खाली तेल पुसतो. मासे पाळतात त्या टाकीचा हवेचा पंप कूलंटमध्ये सोडला तर वास यायचा बराच लांबतो, वरचं तेल कागदाने रोज टिपलं तर आणखी. जंतू मारायला ब्लीच मात्र ओतू नका. त्यातलं क्लोरीन धातू खातं आणि कूलंटमधल्या अमाइन या रसायनाशी त्याची बाधक वायू सोडणारी क्रिया होते. गंज अडवायला सोडियम नायट्राइट घालायचा जुना उपायही नको, अमाइन आणि नायट्राइट मिळून नायट्रोसामाइन बनतात, ती कर्करोगजन्य आहेत.

कार्बाइड इन्सर्ट वापरत असाल तर अधूनमधून ब्रशने गार करू नका. लाल तापलेल्या धारेवर थेंब पडला की आक्रसून बारीक तडे जातात. मिलिंगमध्ये तर दात आत-बाहेर होताना आधीच तापत-निवत असतो. एकतर सलग भरपूर धार, नाहीतर पूर्ण कोरडं. घरच्या मशीनला कोरडंच बरं, चिप उडवायला हवा.

धुकं करून फवारणारी किट स्वस्त मिळतात आणि दिसायला आकर्षक असतात. बंद खोलीत मी ती लावणार नाही. तेलाचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि फुप्फुसात जातात. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९८ मध्ये अशा धुक्यासाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला अवघी ०.४ मिलिग्रॅम आहे. पाण्याच्या कूलंटचं धुकं तर आणखी वाईट, त्यात जंतूही असतात.

लावायची पद्धत साधीच ठेवा. सुईसारख्या तोंडाची बाटली खाचेसाठी, आखूड केसांचा स्वस्त ब्रश बाकी सगळ्यासाठी. ब्रश फिरत्या जॉबच्या ज्या बाजूने दात किंवा जबडे आत येतात तिकडून धरू नका, कापून निघालेल्या बाजूने धरा म्हणजे ओढला गेला तरी बाहेर फेकला जाईल. चिंधीने फिरत्या जॉबला तेल लावणाऱ्याची बोटं धोक्यात असतात, त्याला दुसरा शब्द नाही.

आणि टाकी केलीच, तर जुनं कूलंट मोरीत ओतू नका. पसरट ट्रेमध्ये उघडं ठेवा, वर जाळी. आठवडाभरात पाणी उडतं आणि तळाशी तपकिरी, चिकट तेलाचा थर उरतो. तो खरवडून वापरलेल्या तेलाच्या कॅनमध्ये टाका आणि तो कॅन वापरलेलं इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. चिपही निथळून ठेवल्या तर भंगारवाला कुरकुर करत नाही.